तयारी आणि भाव : हिंदुस्थानी वाद्यवादनातील एक जुना प्रश्न

हिंदुस्थानी वाद्यसंगीतावर जिथे चार जाणकार बोलायला बसतात तिथे एक तक्रार हटकून निघते : हात विलक्षण तयार आहे, पण वादन मनाला भिडत नाही. उलट तक्रारही तितकीच जुनी आहे. वादकाला राग कळलेला असतो, त्याचा भाव कळलेला असतो, पण जे सुचते ते हातातून उतरत नाही. या दोन तक्रारींतून असा समज रूढ झाला की तयारी आणि भाव ही परस्परविरोधी खाती आहेत आणि एकाकडे लक्ष दिले की दुसऱ्याची आबाळ होते. ग्रंथपरंपरा, वाद्यांची घडण, मोठ्या वादकांचे बाज आणि गेल्या शतकातले प्रयोग एकत्र पाहिले तर हा समज टिकत नाही. मात्र तयारीचे सगळेच प्रकार भावाच्या सारखे कामी येतात, असेही नाही. वादाचा खरा मुद्दा इथे आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रात संगीत नाट्याच्या सेवेला आहे. त्यामुळे तिथे रस हा वादकाच्या मनःस्थितीवर सोपवलेला नाही, तो स्वरांशी बांधलेला आहे. मध्यम-पंचमाचे प्राबल्य शृंगार आणि हास्याला, षड्ज-ऋषभाचे वीर, रौद्र आणि अद्भुताला, गांधार-निषादाचे करुणाला, धैवताचे बीभत्स आणि भयानकाला, अशी ती वाटणी आहे. या मांडणीत वादकाचे पहिले कर्तव्य स्वर नेमका लावणे हे ठरते. आजच्या रागसंगीताला ही वाटणी जशीच्या तशी लागू पडत नाही. पण भाव स्वराच्या नेमकेपणातून येतो, वादकाच्या चेहऱ्यावरून नव्हे, हा विचार तेव्हापासून चालत आला आहे.

पुढे तेराव्या शतकात, यादवांच्या देवगिरीत, शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात गायकांचे पाच प्रकार सांगितले आहेत : शिक्षाकार, अनुकार, रसिक, रंजक आणि भावक. काही न वगळता विद्या शिकवू शकणारा शिक्षाकार, दुसऱ्याची ढब हुबेहूब उचलणारा अनुकार, रसात स्वतः बुडणारा रसिक, श्रोत्यांना रिझवणारा रंजक, तर गाण्यात भर घालून ते खुलवणारा भावक. वर्गीकरण गायकांचे असले तरी वादकांना ते तंतोतंत लागू पडते. स्वतः रसात बुडणे आणि श्रोत्याला रिझवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे सातशेहून अधिक वर्षांपूर्वी स्पष्ट नोंदले गेले. डोळे मिटून तल्लीन झालेल्या वादकाचे वादन श्रोत्यापर्यंत पोचतेच असे नाही, याची जाणीव त्यामागे आहे. त्याच ग्रंथाच्या वाद्याध्यायात वीणेवर उजव्या हाताचे, डाव्या हाताचे आणि दोन्ही हातांचे व्यापार स्वतंत्रपणे वर्णिले आहेत. भावाचा विचार करणाऱ्या शास्त्रकाराला हाताचा विचार कमी दर्जाचा वाटला नव्हता.

कंठसंगीतापेक्षा वाद्यसंगीतात हा प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण गळा आणि स्वर यांच्यामध्ये कोणी नसते, तर वादक आणि स्वर यांच्यामध्ये वाद्य असते. प्रत्येक वाद्याची अडचण वेगळी, म्हणून भावासाठी लागणारी तयारीही वेगळी.

सतारीचे उदाहरण यात सर्वांत बोलके आहे. नखीचा आघात झाल्या क्षणापासून तारेचा नाद विझू लागतो. मींड घ्यायची तर डाव्या हाताच्या बोटाने पडद्यावर तार आडवी ओढायची, ओढ वाढेल तसा स्वर चढत जातो, आणि नाद विझण्यापूर्वी इच्छित स्वरावर अचूक पोचायचे. त्या जागी पडदा नसतो. बोटाखालचा ताण आणि कान एवढ्याच आधारावर स्वर गाठावा लागतो. दरबारी कानड्याचा आंदोलित गांधार असा ओढूनच घेतला जातो. त्यात किंचित चूक झाली तर राग राहत नाही, मग भाव कुठला? याला तयारी म्हणायचे की भाव, हा प्रश्नच तिथे गळून पडतो. शिवाय हे सारे वाद्याच्या आसेवर, म्हणजे आघातानंतर नाद किती टिकतो यावर, आणि घोडीच्या जवारीवर अवलंबून असते. मिरजेच्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकापासून हे कसब जोपासले आहे. तेथील सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जवारी खुली की बंद, यावर त्या सतारीवर कोणता बाज खुलेल हे बऱ्याच अंशी ठरते.

विलायत खाँ (१९२८–२००४) यांचे वादन या संदर्भात नेहमी सांगितले जाते. वडील इनायत खाँ १९३८ मध्ये गेले, तेव्हा विलायत खाँ लहान होते. पुढची तालीम आईच्या माहेरी झाली आणि ते घर गवयांचे होते. त्यातून त्यांनी गायकी अंग सतारीवर आणले. त्यासाठी वाद्यातच फेरफार केले, खर्जाच्या तारा काढल्या, तबली आणि घोडी मोठा ताण सोसेल अशी करून घेतली आणि एकाच पडद्यावरून पाच स्वरांपर्यंतची मींड घेण्याचे सामर्थ्य मिळवले. ख्यालातली एखादी ओळ ते आधी गाऊन दाखवत आणि मग तीच सतारीवर वाजवत. श्रोत्याला त्यात गाणे ऐकू येते, परिश्रम ऐकू येत नाहीत. वास्तविक ती सतारीच्या इतिहासातील अत्यंत अवघड तांत्रिक कामगिरी आहे.

रविशंकर (१९२०–२०१२) यांनी उलट खर्जाच्या तारा राखल्या. मैहरला अल्लाउद्दीन खाँ यांच्याकडून मिळालेला बीन-सूरबहाराच्या वळणाचा आलाप, जोड, झाला आणि लयकारी यांवर त्यांची मांडणी उभी राहिली. गायकी अंगात भाव असतो आणि तंतकारीत नुसते तंत्र असते, असे सरधोपट विधान अनेकदा केले जाते. ते अन्यायाचे आहे. खर्जातल्या एका षड्जावर थांबून निर्माण केलेले गांभीर्य हा भावच आहे, आणि गळ्याची नक्कल हाच वाद्याच्या अभिव्यक्तीचा एकमेव मार्ग मानला तर वाद्याला स्वतःचे काही म्हणणे उरत नाही. मसीतखानी गतीचे ठरलेले बोल, नखीच्या दा-रा या आघातांतून उमटणारे वजन, चिकारीवर भरलेला झाला या गोष्टी गळ्याला साध्य नाहीत. निखिल बॅनर्जी (१९३१–१९८६) यांच्या सतारीत दोन्ही प्रवाह इतके एकजीव झाले होते की हा वाद त्यांच्यापुरता निरर्थक ठरतो.

बासरीची कथा वेगळ्या अंगाने तेच सांगते. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांच्यापूर्वी बासरी हे मुख्यतः लोकसंगीताचे आणि साथीचे वाद्य होते. ख्यालाचा विलंबित आलाप पेलण्यासाठी त्यांनी सुमारे ३२ इंच लांबीची बासरी घेतली आणि तिला सातवे छिद्र जोडले. छोट्या बासरीवर बोटे चपळ फिरतात. लांब बासरीवर छिद्रे दूर जातात, बोटे ताणावी लागतात, फुंक जास्त लागते. पन्नालालजींनी वेगाची सोय सोडून मंद्राचे गांभीर्य घेतले आणि मग त्या अवघड वाद्यावर पुन्हा नव्याने वेगही कमावला. हरिप्रसाद चौरसिया यांनी तर चित्रपटसृष्टीत नाव झाल्यावर मुंबईत अन्नपूर्णा देवींकडे शिकायला सुरुवात केली, तेव्हा बासरी धरण्याची बाजूच बदलली. हातात मुरलेली वर्षानुवर्षांची सवय सोडून ते पहिल्या स्वरापासून शिकले. अन्नपूर्णा देवी (१९२७–२०१८) स्वतः सूरबहारवादक. मैफली त्यांनी फार लवकर सोडल्या, पण बासरी, सरोद, सतार असे सारे त्या गाऊन शिकवत.

पेटीचा प्रश्न महाराष्ट्राला अधिक जवळचा. ठरलेल्या सुरांची पट्टी, त्यामुळे श्रुतींचा बारकावा नाही आणि मींड नाही, या आक्षेपांवर आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली. ती पुढे सुमारे तीन दशके टिकली. ज्या वाद्यात मींडच नाही त्यात भाव येणार कसा, हा आक्षेप शास्त्राच्या दृष्टीने चूक नाही. तरीही ‘मानापमान’चे संगीतकार गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५), पी. मधुकर, अप्पा जळगावकर (१९२२–२००९) आणि मूळचे गोव्याच्या बोरीचे तुळशीदास बोरकर (१९३४–२०१८) यांनी पेटीतून गाणे काढले. एका पट्टीवरचे बोट उचलण्याआधी दुसरे टेकवणे, कणस्वर नेमक्या क्षणी लावणे, भात्याचा दाब स्वराच्या मध्यावर हळूच कमी-जास्त करणे अशा युक्त्यांनी ते मींडीचा आभास देतात. प्रत्यक्षात मींड झालेली नसते, पण कान ती ऐकतो. वाद्य जे देत नाही ते हाताने निर्माण करावे लागते, म्हणून पेटीवर भावपूर्ण वाजवणाऱ्याची तयारी इतरांपेक्षा कमी नव्हे, जास्तच लागते.

तबल्याकडे वळले की प्रश्नाचे स्वरूपच बदलते. इथे राग नाही, चीज नाही, शब्द नाहीत. तरी अहमदजान थिरकवा (मृत्यू १९७६) यांचा तबला ऐकून माणसे हेलावून जात. थिरकवा खाँसाहेब बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत होते आणि मराठी नाट्यरसिकांनी त्यांचा ठेका नाटकाच्या पदांबरोबर कानात साठवला. त्यांच्यापेक्षा जलद रेला वाजवणारे तबलजी नंतर पुष्कळ झाले. पण चाट, लव आणि शाई यांवरून निघणाऱ्या बोलांचा निकास, डग्ग्याची आस, दोन बोलांमधले अंतर आणि कायद्याच्या प्रत्येक पलट्यात बदलणारे वजन यांबाबत त्यांचे नाव आजही प्रमाण मानले जाते. तबल्यात भाव म्हणजे नादाचा दर्जा आणि लयीचा झोल. दोन्ही बोटांतून येतात, आणि दोन्ही नुसत्या वेगाने साधत नाहीत.

साथीत हे अधिक स्पष्ट दिसते. विलंबित एकतालाचा ठेका धरणे हे सर्वांत साधे काम समजले जाते. प्रत्यक्षात दोन मात्रांमधली ती लांब पोकळी लय न हलवता, गवयाच्या स्वराला धक्का न लावता भरून ठेवणे हे तबलजीचे मोठे सत्त्व आहे. त्याला टाळ्या पडत नाहीत. उस्ताद झाकिर हुसेन (१९५१–२०२४) यांची जगभर ख्याती झाली ती झळाळत्या एकलवादनामुळे. त्यांच्या साथीतला संयम मात्र जाणकारांपुरताच चर्चेत राहिला.

दुसऱ्या बाजूने गोव्याचे लक्ष्मणराव पर्वतकर, म्हणजेच ‘लयभास्कर’ खाप्रुमामा, यांचे उदाहरण तंत्राच्या टीकाकारांनी विसरू नये. हातांवर आणि पायांवर वेगवेगळे ताल एकाच वेळी धरून सर्वांना समेवर आणण्याची त्यांची करामत पाहून मोठमोठे कलावंत थक्क होत. याला भाव नाही म्हणणे कठीण आहे. रसशास्त्रात अद्भुत हा रस आहे आणि विस्मय हा त्याचा स्थायीभाव. गुंतागुंतीची तिहाई समेवर बिनचूक पडली की श्रोत्याच्या तोंडून जी दाद निघते ती खरी असते. बौद्धिक आनंदाला भावना न मानण्याची प्रवृत्ती संगीतसमीक्षेत आहे आणि ती सोडायला हवी. विस्मयाची मर्यादा एवढीच की तो पुनरावृत्तीने लवकर विरतो. पहिला झाला चकित करतो, त्याच वेगातला चौथा झाला करत नाही. वेगावरच उभे राहिलेले वादन अर्ध्या तासात थकवते, त्याचे कारण वेग वाईट आहे हे नसून त्याच्यापाशी विस्मयाखेरीज दुसरा रस नाही, हे आहे.

वेगाला आजचे स्थान मिळाले त्यामागे बाहेरची कारणेही आहेत. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजान यांच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण झाले आणि ग्रामोफोनचे युग सुरू झाले. तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटे मिळत. तेवढ्यात आलाप, गत, तोडे, झाला सारे बसवायचे म्हणजे घाई अपरिहार्य होती. मग दिवाणखान्यातल्या बैठकी जाऊन मोठी सभागृहे आणि मंडप आले. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ मध्ये सुरू झाला, आणि अशा महोत्सवांत हजारो श्रोते एका वेळी बसू लागले. मंडपाच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या श्रोत्यापर्यंत झाला आणि सवाल-जवाब सहज पोचतात, मींडीचा शेवटचा बारीक अंश पोचणे अवघड. ध्वनिक्षेपकाने मात्र दोन्ही बाजूंना मदत केली. हळू छेडलेला स्वर तो दूरवर नेतो, आणि जोरकस आघाताची गरजही कमी करतो. भारताबाहेरच्या मंचांनी वेगाच्या ओढीला आणखी बळ दिले. जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे रविशंकर आणि अल्लारखाँ यांना हजारो तरुणांनी उभे राहून दाद दिली. सतार-तबल्याची द्रुत देवाणघेवाण रागाचा गंध नसलेल्या श्रोत्यालाही कळते, हे त्यातून दिसले. तेवढाच भाग उचलून कार्यक्रम बेतण्याचा मोह पुढच्या पिढ्यांतल्या अनेकांना आवरला नाही.

युरोपात हा वाद वेगळ्या शब्दांत झाला. कार्ल फिलिप एमान्युएल बाख याने १७५३ मध्ये कळफलकवाद्यांवरील ग्रंथात मत मांडले की वादक स्वतः हेलावल्याशिवाय इतरांना हेलावू शकत नाही. एकोणिसाव्या शतकात पॅगानिनीच्या व्हायोलिनने कसबाला जवळजवळ दैवी वलय दिले. १८३२ च्या सुमारास पॅरिसमध्ये त्याला ऐकून तरुण लिस्टने पियानोवर तेच साधायचे ठरवले आणि वाद्याचे तंत्रच बदलून टाकले. याच शतकात, १८५४ मध्ये, समीक्षक एडुआर्ड हान्सलिक याने उलट बाजू घेतली. भावना जागवणे हे संगीताचे सौंदर्य नव्हे, नादाकृतींची चाल हेच त्याचे द्रव्य आहे, असे त्याने मांडले. शार्ङ्गदेवाने रसिक आणि रंजक वेगळे केले होते, तिकडे बाखने दोघांना एकत्र बांधले. अनुभव शार्ङ्गदेवाच्या बाजूने अधिक साक्ष देतो.

प्रयोगशाळेतील संशोधनानेही या प्रश्नाला काही ठोस आधार दिला आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात कार्ल सीशोर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वादन-गायनाची मोजमापे घेतली. उत्तम कलावंत लिहिलेल्या स्वराला आणि काळाला यांत्रिकपणे चिकटत नाही, तो त्यापासून सूक्ष्म, पण सुसंगत प्रमाणात हटतो, आणि अभिव्यक्तीचा मोठा भाग त्या हटण्यात असतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. स्वीडनचे पॅट्रिक युस्लिन यांनी वादकांना एकच धून आनंदी, दुःखी, रागावलेली अशी वाजवायला सांगितली, आणि श्रोत्यांना ते भाव ओळखता आले. वादक त्यासाठी लय, आवाजाची पातळी, स्वरांची जोडणी-तोड अशी मोजता येणारी साधने वापरत होते. म्हणजे भाव हाताच्या नेमक्या हालचालींतून पोचतो. १९९९ मध्ये बाल्कविल आणि थॉम्पसन यांनी हिंदुस्थानी राग पाश्चात्त्य श्रोत्यांना ऐकवले. राग माहीत नसतानाही आनंद, दुःख आणि क्रोध त्यांना ओळखता आले, शांत भाव मात्र तितका ओळखता आला नाही. रागसंगीतात शांत रसाला किती मोठे स्थान आहे हे पाहता तो जाणण्यासाठी संस्कार लागतात, असे दिसते.

रियाझाचे मोल एरिक्सन आणि सहकाऱ्यांच्या १९९३ च्या बर्लिनमधील व्हायोलिन विद्यार्थ्यांच्या अभ्यासाने लोकप्रिय केले. दहा हजार तासांचा आकडा तिथूनच पसरला. २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर मात्र संगीतातील प्रावीण्याच्या फरकांपैकी सुमारे २१ टक्केच हेतुपूर्वक सरावाने समजावता आले. आणखी एक निष्कर्ष संगीतप्रेमींना अस्वस्थ करणारा आहे. २०१३ च्या त्साय यांच्या अभ्यासात स्पर्धेचे विजेते ओळखायला सांगितले असता, नुसता आवाज ऐकणाऱ्यांपेक्षा आवाजाविना केवळ चित्रफीत पाहणाऱ्यांनी ते अधिक अचूक ओळखले, आणि यात व्यावसायिक संगीतकारही होते. वादकाच्या हावभावांना परीक्षक भाव समजत असावेत, ही शक्यता त्यामुळे नाकारता येत नाही.

शिक्षणपद्धतीचा यात मोठा वाटा आहे. चाळीस दिवस घराबाहेर न पडता अखंड रियाझ करण्याच्या चिल्ल्याची कथा प्रत्येक घराण्यात सांगितली जाते. त्यातून हात तयार होतो, पण त्या कथेतून वेगाचीच पूजा पुढच्या पिढीकडे जाते. जुन्या गुरूंची दुसरी पद्धत तितकी गाजली नाही : वाजवण्याआधी गाऊन घेणे. अल्लाउद्दीन खाँ असेच शिकवत. बंदिश, आलापाचे वाक्य, तान हे सारे शिष्याच्या गळ्यात बसले की मगच वाद्य हाती. अशा शिष्याचे बोट वाक्याच्या अर्थामागे जाते, पलट्याच्या सवयीमागे जात नाही. वाईचे व्ही. जी. जोग (१९२२–२००४) किंवा गायक द. वि. पलुसकरांचे मार्गदर्शन लाभलेले डी. के. दातार (१९३२–२०१८) यांच्या व्हायोलिनला गळ्याचा जो गंध होता तो गजावरच्या हुकमतीइतकाच कंठसंगीताच्या सहवासातून आला.

विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि संगीत घराण्यांच्या बंद दारातून बाहेर आणले. १९३१ मध्ये अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झाले, आणि मंडळाच्या परीक्षांमुळे गावोगावच्या मुलामुलींना तबला, पेटी, सतार शिकता आली. हे उपकार फार मोठे आहेत. परीक्षेची अडचण मात्र तिच्या स्वभावातच आहे. किती ताल आले, किती कायदे पाठ आहेत, दुगुण-चौगुण बरोबर आली की नाही याला गुण देता येतात, षड्ज लावल्यावर खोली भरली का याला देता येत नाहीत. विद्यार्थी मग जे मोजले जाते तेच कमावतो. वेगासाठी लहान वयात ताण घेऊन केलेल्या रियाझाने मनगट आणि खांदे कायमचे दुखावू शकतात, हीही किंमत मोजावी लागते. स्नायूंवरचा ताबा सुटण्याचा विकार काही व्यावसायिक वादकांची कारकीर्द थांबवतो.

तेव्हा तयारीवर टीका करायची असेल तर ती वेगावर करून भागत नाही. मींडीची अचूकता, नादाचा दर्जा, फुंक किंवा भात्याचा दाब, लयीतला संयम ही तयारीच आहे आणि तिच्याशिवाय भाव श्रोत्यापर्यंत पोचतच नाही. वेगही त्याच्या जागी हवा, कारण विस्मयाशिवाय मैफल अपुरी राहते. महाराष्ट्रातल्या वाद्यवादन स्पर्धांनी आणि परीक्षांनी विलंबित आलापाला आणि साध्या ठेक्याला द्रुताइतकेच गुण द्यावेत, आणि निदान एका फेरीत परीक्षकांनी पडद्याआड बसून केवळ कानाने निर्णय द्यावा.